झिंगाट आमचं, शेवट त्यांचा

ज्या मालमत्तेच्या सातबाऱ्यावर आपलं नाव नाही, जिची घरपट्टी आपण भरत नाही आणि जी तारण ठेवली तर सोसायटी आपल्याला युरियाचं एक पोतंही उधार देणार नाही, अशा मालमत्तेवर माणूस ज्या पोटतिडकीनं हक्क सांगतो, तितक्या पोटतिडकीनं तो स्वतःच्या बांधावरही भांडत नाही. बांधाला निदान मोजणीदार असतो. तो येतो, मोजणी करतो, चहा पितो आणि दोन्ही भावांना सारखंच नाराज करून जातो. सिनेमावरच्या हक्काला तीही सोय नाही. एकदा तिकीट काढून बघितला (आणि पुष्कळदा तिकीट न काढता पुतण्याच्या मोबाइलवर बघितला) की सिनेमा आपला. पुढे एखाद्या बड्या कंपनीनं तो घेतल्याची बातमी आली, की दारावर जप्तीची नोटीस डकवल्यासारखा माणूस कासावीस होतो.

हा रोग जगभर आहे. अमेरिकेत जॉर्ज लुकास नावाच्या गृहस्थांनी ‘स्टार वॉर्स’ नावाचं आकाशातलं महाभारत काढलं. ३० ऑक्टोबर २०१२ रोजी त्यांची कंपनी ४०५ कोटी डॉलरना घेत असल्याचं डिस्नीनं जाहीर केलं. विकणारे लुकास, पैसे घेणारे लुकास; पण घराघरांतल्या चाहत्यांना वाटलं, आपल्या पणजोबांची इनामी जमीन गेली. २०१७ साली नव्या मालकानं काढलेला भाग पसंत पडला नाही, तेव्हा तो अधिकृत कथेतून रद्द करावा असा चक्क अर्ज निघाला आणि हजारो लोकांनी त्यावर सह्या ठोकल्या. आपल्याकडे चुकीचा फेरफार रद्द करायला तहसील कचेरीत देतात, तसा.

मग पाळी आली जेम्स बाँडची. १९६२ सालच्या पहिल्या चित्रपटापासून बाँडच्या नाड्या ब्रोकोली या (खऱ्याखुऱ्या) आडनावाच्या घराण्याच्या हाती होत्या. ॲमेझॉननं २०२२ साली एमजीएम ही जुनी कंपनी घेतली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये बाँडनं पुढे काय करायचं हे ठरवण्याचा अधिकारही आपल्याकडे घेतला. ज्या दुकानातून आपण कुकरची शिट्टी मागवतो, त्या दुकानात आता बाँडही मिळणार म्हटल्यावर इंग्लंडात हळहळ झाली. आमच्या ढोकीत मात्र पान हललं नाही. आमच्याकडे बाँड म्हणजे स्टॅम्प व्हेंडरकडे मिळतो तो. शंभराच्या बाँडवर होणारं काम २०२४ साली पाचशेवर गेलं, तेव्हा हळहळ आमच्याकडेही झाली होती. तिची बातमी इंग्लंडात पोचली नसावी.

पण म्हणून ढोकी या रोगातून सुटली असं समजू नका. आमचा बाँड वेगळा. आमचा ‘सैराट’.

ढोकी धाराशिव जिल्ह्यात, लातूरहून बार्शीकडे जाणाऱ्या रुळावर आहे. याच रुळानं पुढे कुर्डूवाडी गाठली आणि मुंबईची गाडी धरली, की केम लागतं, जिथलं कुंकू प्रसिद्ध आहे, आणि मग लागतं जेऊर, जिथले नागराज मंजुळे प्रसिद्ध आहेत. परश्याचं काम केलेला आकाश ठोसर त्याच बाजूचा. आर्ची झालेली रिंकू राजगुरू अकलूजची. म्हणजे हिशेब केला तर सगळे आमच्या सोयरिकीच्या टापूतले. (सोयरीक हा शब्द जपून वापरायला हवा, पुढे त्याचं काम आहे.) २९ एप्रिल २०१६ रोजी ‘सैराट’ आला आणि आमच्याकडच्या माणसानं पडद्यावर पहिल्यांदाच आपल्यासारखी बोलणारी, आपल्यासारखी ओरडणारी आणि आपल्या चुलत्यासारखी मिशी ठेवणारी माणसं बघितली. उसाचा फड तोच, विहीर तीच, बुलेटवरचा रुबाब तोच. मराठीतला शंभर कोटींच्या पुढे गेलेला तो पहिला चित्रपट. त्यातले निदान पाचपन्नास हजार तरी आमच्या गावाचे असतील, कारण काही मंडळींनी तो सात-सात वेळा बघितला. सातही वेळा पहिल्या गाण्याला पैसे उधळले आणि सातही वेळा खाली वाकून ते परत गोळा केले.

आणि मग मुंबईहून खबर आली की करण जोहरच्या धर्मा कंपनीनं आपला ‘सैराट’ घेतला, त्याचं नाव ‘धडक’ ठेवलं, त्याला उदयपूरला नेला, आणि त्यात आर्चीच्या जागी श्रीदेवीची मुलगी आणली.

त्या दिवसांत ढोकीच्या स्टँडसमोरच्या हॉटेलात कोणाच्या घरी माणूस गेल्यावर असतं तसं वातावरण होतं. “आमचं सोनं होतं, त्यांनी बेंटेक्स केलं,” असं एक कंडक्टर म्हणाले. “झिंगाट हिंदीत कुठं म्हणत्यात का? उद्या शेंगदाण्याची चटणी काट्याचमच्यानं खातेल,” असं एका ट्रॅक्टरवाल्यानं सांगितलं. निवृत्त गुरुजींनी हिंदी सिनेमानं मराठीचा घास गिळला, असं शुद्ध मराठीत मत दिलं. हॉटेलवाले मामा तर म्हणाले, “पोरीला ट्रॅक्टर चालवता येतो का बघा आधी. न्हाई म्हणजे आर्ची न्हाई. मग काय करायलेत हे लोक?” या प्रश्नावर सगळं हॉटेल गहिवरलं आणि त्या गहिवरात दोन गिऱ्हाईकं पैसे न देता निघून गेली.

आता या दाव्याचा निकाल लावायला आठ वर्षं उशीर झाला आहे हे खरं. पण आपल्याकडचे दिवाणी दावे लक्षात घेतले तर ही घाईच म्हणायची. तेव्हा एकेक मुद्दा घेऊ.

मुद्दा पहिला : परक्यानं आपला सिनेमा नेला. यात तथ्य नाही. ‘सैराट’ काढला तो मंजुळ्यांच्या आटपाट या संस्थेनं आणि झी स्टुडिओजनं, एस्सेल व्हिजनच्या साथीनं. आणि ‘धडक’मध्ये धर्माबरोबर होते तेच झी. मालकानं आपल्याच एका खोलीतला पलंग दुसऱ्या खोलीत नेला आणि त्यावर नवी चादर घातली, इतकाच हा प्रकार. शिवाय त्याआधी २०१७ साली ‘सैराट’ कानडीत गेला, पंजाबीत गेला, ओडियात गेला. कानडीत तर आर्चीचं काम खुद्द रिंकू राजगुरूनंच केलं. तेव्हा हॉटेलात कोणाला हुंदका फुटला नाही. पोरगी सोलापूरच्या पलीकडे कर्नाटकात दिली तर चालते, मुंबईला दिली की रडायचं, असा हा न्याय आहे.

मुद्दा दुसरा : गाण्याची वाट लावली. ‘धडक’मधलं ‘झिंगाट’ कोणी केलं? अजय-अतुल यांनीच. ज्यानं साडी विणली त्यानंच तिचा पडदा शिवून विकला, तर शेजाऱ्यानं पोलिसांत जाऊन काय सांगायचं?

मुद्दा तिसरा : आर्चीचा ठसका नाही, बुलेट नाही, बोली नाही. हे सगळं कबूल. पण ही तक्रार म्हणजे पाहुण्याच्या घरी जेवायला जाऊन ‘आमच्या आईसारखी आमटी नाही’ म्हणण्यातली. पाहुण्याच्या घरी आपली आई नसणारच.

मी करण जोहर यांची वकिली करायला उभा नाही. त्यांना वकील परवडतात. माझं म्हणणं असं आहे की, ‘धडक’वर एक खराखुरा आरोप होता, आणि आमच्या हॉटेलात तो कोणीच केला नाही. काही समीक्षकांनी केला, लिहिणाऱ्या-बोलणाऱ्या काही मंडळींनी केला. पण चाहत्यांच्या त्या सगळ्या आरडाओरड्यात तो बुडून गेला. तो आरोप हा, की ‘सैराट’मधून जातच काढून टाकली.

मूळ सिनेमात परश्या मासे धरणाऱ्याचा पोरगा आहे आणि आर्ची पाटलाची लेक. सगळा तीन तासांचा डाव त्या एका हुकमाच्या पानावर उभा आहे. ते पान काढलं की उरतात दोन देखणी पोरं आणि रागीट बाप. ‘धडक’मध्ये पोराच्या बापाचं उदयपुरात हॉटेल आहे, पोरीचा बाप राजकारणात आहे, आणि भांडण बव्हंशी श्रीमंत-गरिबाचं आणि निवडणुकीचं झालं आहे. जातीचा उल्लेख लग्नात दूरच्या पाहुण्याला मान द्यावा तसा ओझरता येतो. शेवटही बदलला. मूळ सिनेमात दोघंही मारली जातात, मागं चालू-बोलू लागलेलं एक पोर उरतं, आणि पडद्यावरचा आवाज बंद होतो. ‘धडक’मध्ये पोरगी जिवंत राहते. ही खरी मोडतोड. घराचा रंग बदलला म्हणून ओरडणाऱ्यांना घराचा खांबच काढलाय हे दिसलं नाही.

का दिसलं नाही? इथं मात्र मला आमच्या गावाविरुद्ध बोलावं लागणार आहे, आणि ते मी गावात राहूनच करतो आहे याची नोंद व्हावी.

त्याचं कारण असं की, तो खांब आम्ही २०१६ सालीच काढला होता. ‘सैराट’ लागल्याच्या दुसऱ्या आठवड्यातच आमच्याकडे एक सल्ला फिरू लागला : “पिच्चर लई भारी. पण इंटरव्हलपर्यंत बघा आणि उठा. पुढं मग उगं रडारड हाय.” सुज्ञ लोक अर्ध्यात उठून येत आणि अर्ध्या सिनेमाची तारीफ पूर्ण तोंडानं करत. म्हणजे मधल्या सुट्टीपर्यंतचा ‘सैराट’ आमचा, आणि नंतरचा मंजुळ्यांचा. झिंगाट आमचं, शेवट त्यांचा. करण जोहरनं जे काम कोट्यवधी रुपये घालून दोन वर्षांनी केलं, ते आमच्या भागातल्या प्रेक्षकानं फक्त खुर्चीवरून उठून, फुकटात करून दाखवलं होतं.

पुढे ‘झिंगाट’ डीजेवर आलं. तेव्हापासून आजतागायत त्या गाण्याशिवाय ढोकीत हळद उतरलेली मला आठवत नाही. आता ते गाणं ज्या वरातीत वाजतं त्या लग्नाचा बायोडाटा काढून बघा. वरती गणपती. त्याखाली मुलाचं नाव, उंची, रंग गोरा (सगळ्यांचाच). मग कुळी, देवक, मामाचं आडनाव, आत्याच्या सासरचं आडनाव, आणि शेवटी ‘पाहुणे’ नावाचं एक कलम, ज्यात जिल्ह्यातल्या साताठ घराण्यांची नावं असतात. हे कलम पुराव्यादाखल असतं. त्याचा अर्थ : आमच्यात सात पिढ्यांत कोणी परश्या शिरलेला नाही. अशी पोलिसांनाही जमणार नाही इतकी कडक चौकशी करून जे लग्न ठरतं, त्याच्या वरातीत नवरदेवाचे चुलते शर्टाची बटणं सोडून ज्या गाण्यावर नाचतात ते गाणं कुठल्या सिनेमातलं? मी एकदा एका चुलत्यांना हे विचारलंही. ते घाम पुसत म्हणाले, “गाणं वेगळं, घर वेगळं.” धर्मा कंपनीनं या गृहस्थांना कथा-विभागात घ्यायला हवं होतं. इतक्या थोडक्यात ‘धडक’ची पटकथा तिथं कोणाला सांगता आली नसती.

आणि भाषेनं काय केलं बघा. पोरगी पळून गेली की आमच्याकडे आता ‘सैराट झाली’ म्हणतात. म्हणजे जो सिनेमा मारणाऱ्यांविरुद्ध काढला, त्याचं नाव पळणाऱ्यांच्या बदनामीला लागलं. आणि अशा पोरीचं पुढे बरंवाईट झालं, की वर्तमानपत्रं मथळा देतात : ‘सैराट’ची पुनरावृत्ती. मथळा वाचून आम्ही हळहळतो, पान उलटतो आणि सोयाबीनचा भाव बघतो. तेव्हा स्टँडसमोरच्या हॉटेलात “आमच्या सैराटचं त्यांनी वाटोळं केलं” असं कोणी म्हणत नाही. वास्तविक ते म्हणायचा दिवस तोच.

‘धडक’च्या गाण्यावरून जूनमध्ये आम्ही रडत होतो, त्याच २०१८ सालच्या २७ मार्चला सर्वोच्च न्यायालयानं ‘शक्ती वाहिनी’ या संस्थेच्या खटल्यात निकाल दिला होता. दोन सज्ञान माणसांनी एकमेकांची निवड केली तर घरच्यांची, भावकीची, समाजाची संमती लागत नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. अशा जोडप्यांसाठी जिल्ह्याजिल्ह्यात विशेष कक्ष नेमा, त्यांना राहायला सुरक्षित निवारा देण्याचा विचार करा, असंही राज्यांना सांगितलं आहे. आर्ची-परश्याला शेवटच्या रीळात ज्या गोष्टीची गरज होती, ती हीच. हिंदी ‘झिंगाट’ची चाल चोवीस तासांत तोंडपाठ करणाऱ्या चाहत्यांपैकी किती जणांना आपल्या जिल्ह्यातला असा कक्ष कुठल्या इमारतीत, कितव्या मजल्यावर आहे हे सांगता येईल? मी चारपाच जणांना विचारून बघितलं. एकानं उलट विचारलं, “तिथं शूटिंग झालं होतं का?”

मालक बदलला की सगळं बुडालं, हे निदान ढोकीच्या माणसानं तरी म्हणू नये. कारण मालक बदलण्याचा आमच्याइतका अनुभव त्या डिस्नीच्या गावालाही नसेल. आमच्या गावावरून जाणारी बार्शी लाइट रेल्वे ही एका इंग्रज कंपनीची. तिचे रूळ अडीच फुटी. १८९७ साली बार्शीला आलेली ही गाडी १९११ पर्यंत लातूरला पोचली. १९५४ साली ती सरकारनं घेतली. पुढे २००८ पर्यंत आमच्याकडचा सगळा मार्ग ब्रॉडगेज झाला. म्हणजे कंपनी गेली, इंजिन गेलं, रूळसुद्धा उपटून दुप्पट रुंदीचे टाकले. आता याहून मोठा रीमेक कुठल्या स्टुडिओनं केला आहे? तरी आमच्या लोकांनी एकच प्रश्न विचारला : “गाडी ढोकीला थांबती का?” थांबती म्हटल्यावर विषय संपला. तीच गोष्ट तेरणा कारखान्याची. कारखाना सभासदांचा, तो बंद पडला, आणि पुढे भाडेकराराने दुसऱ्याकडे चालवायला देण्याची वेळ आली. बोर्डावर नाव कोणाचं यावर पुढाऱ्यांनी भाषणं केली. ऊसवाला शेतकरी विचारत होता, काट्यावर वजन बरोबर येणार का आणि पैसे कधी मिळणार.

म्हणजे शहाणपण गावात आहे. ते फक्त सिनेमाच्या वेळी घरी ठेवून येतात. ‘सैराट’ कोणी घेतला हा प्रश्नच चुकीचा आहे. तो कोणीही घ्यावा, रुंद करावा, त्याला उदयपूरला न्यावा, राजस्थानी फेटा बांधावा. प्रश्न एवढाच : गाडी त्या स्टेशनवर थांबते का? ‘धडक’ थांबली नाही, शिट्टी वाजवून पुढे गेली. पण फलाटावर उतारू कोण होते? आम्हीच तर इंटरव्हलला उतरून घरी गेलो होतो. ज्या स्टेशनवर तिकीट खपत नाही तिथला थांबा रेल्वेही रद्द करते.

याला पुरावा हवा असेल तर पुढची गोष्ट ऐका. १ ऑगस्ट २०२५ रोजी त्याच धर्मा कंपनीनं ‘धडक २’ काढला. ‘परियेरुम पेरुमाल’ या २०१८ सालच्या तमिळ सिनेमावरून घेतलेला. दिग्दर्शिका शाझिया इक्बाल. आणि यात जात सरळ समोर उभी आहे. ओझरती नाही, पाहुणी नाही, घरमालकीण आहे. म्हणजे ज्या कंपनीनं आमचा खांब काढला असं म्हणतात, तिनंच सात वर्षांनी तो दुसऱ्या घरात उभा करून दाखवला. आता आमच्या चाहत्यांनी नारळ घेऊन धावायला नको का? पहिल्या ‘धडक’ला शिव्या द्यायला जी गर्दी जमली, तिच्या चौथाईही दुसऱ्याचं नाव काढायला जमली नाही. हॉटेलवाल्या मामांना विचारलं, तर म्हणाले, “त्यात झिंगाट नव्हतं म्हणं.”

१९५४ साली सरकारनं आमची रेल्वे घेतली, त्याच साली आणखी एक काम केलं. विशेष विवाह कायदा केला. जात-धर्म न विचारता दोघांना लग्न करता यावं म्हणून. त्यात एक पाचर आहे : लग्नाची नोटीस तीस दिवस कचेरीत लावायची, म्हणजे ज्याला हरकत घ्यायची असेल त्याला घेता येईल. हरकत घेणारे कोण असतात आणि काय घेऊन येतात हे ‘सैराट’ शेवटपर्यंत बघितलेल्यांना सांगायला नको. तेव्हापासून आमचे रूळ अडीच फुटांचे साडेपाच फूट झाले. ते तीस दिवस तीसच राहिले. आंतरजातीय लग्न करणाऱ्या जोडप्याला राज्य सरकारची पन्नास हजारांची मदत आहे. आमच्याकडे हळदीच्या रात्रीचा डीजे आणि मंडप मिळून त्याहून अधिक खर्च होतो. तेव्हा पैशाची अडचण आहे असं कोणी म्हणू नये.

चाहत्यांना माझा विरोध नाही. सात वेळा सिनेमा बघणं हे सात वेळा निवडणुकीला उभं राहण्यापेक्षा निरुपद्रवी आहे. फक्त ‘आमचा’ हा शब्द उच्चारण्याआधी शेवटची दहा मिनिटं ताब्यात घ्यावीत. एखाद्या दिवशी ढोकीत अशी पत्रिका छापली जावी, की तिच्यावरची दोन आडनावं वाचून गाव क्षणभर गप्प व्हावं, आणि मग दोन्हीकडची भावकी एकाच पंगतीत बसून बुंदीवरून नेहमीसारखी भांडावी. त्या रात्री डीजेवाल्यानं पाहिजे तितक्या वेळा ‘झिंगाट’ वाजवावं. पहाटेपर्यंत वाजवलं तरी मी तक्रार करणार नाही. त्यानंतर ‘सैराट’ करण जोहरनं घेवो, डिस्नी घेवो, नाही तर ॲमेझॉन घेवो. कुकरच्या शिट्टीबरोबर एकाच खोक्यातून घरपोच आला तरी आमचं काही जात नाही.